दुष्काळ आधी गोठ्यात येतो, मग सरकारी यादीत

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दुष्काळाची बातमी म्हटलं की फोटो ठरलेले असतात, भेगा पडलेलं तळं, डोक्यावर हंडा घेतलेली बाई नाहीतर टँकरला पडलेला गराडा. ते सगळं खरंच असतं, मी नाही म्हणत नाही, पण साहेब तो दुष्काळाचा शेवट असतो, सुरुवात त्याच्या पाच-सहा महिने आधी झालेली असते आणि ती कुठं होते हे मला सांगायचंय. आणि आत्ताच सांगायचंय, कारण 2024 ला पाऊस बरा झाला, 2025 ला तर मे महिन्यातच कोसळला, ओढेनाले वाहिले आणि सगळ्यांच्या डोक्यातनं विषयच गेला. दुष्काळ पडला की मग ह्यावर बोलायला ना आम्हाला सवड असते ना सरकारला.

मी आटपाडी तालुक्यातली. सासरी कोरडवाहू रान आहे, बाजरी, मटकी, शाळू, थोडं डाळिंब आणि दावणीला चार जनावरं. माहेर मेंढपाळाचं, दादा अजून मेंढरं घेऊन फिरतो. आणि मी स्वतः गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ मशीन आणि वही सांभाळते. त्यामुळं एकच दुष्काळ मला तीन दारांतनं दिसतो, शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या आणि दुधाच्या, आणि तीन ठिकाणी तो तीन वेगवेगळ्या वेळेला येतो हे मी बघितलंय.

2023 चं सांगते कारण ते ताजं आहे. मृग कोरडा गेला, आर्द्रा तशीच, कुठं शिडकावा झाला त्यावर लोकांनी बाजरी टाकली आणि ऑगस्टमध्ये तर पाऊस गायबच झाला, 1901 पासून नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आता आमच्याकडं पावसाचा हिशोब जरा वेगळा आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगायला पाहिजे. आम्ही सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, माणदेशात वर्षाचा पाऊसच 500 मिलीमीटरच्या आतबाहेर, त्यातला भरवशाचा म्हणजे उत्तरा आणि हस्ताचा, परतीचा. जून-जुलैला कमी पडला तर आमची जुनी माणसं घाबरत नाहीत, पण उत्तरा-हस्त गेले की मग बोलायचं बंद करतात. माझे सासरे बहात्तरचा दुष्काळ बघितलेले, ते वर्षाचे किती मिलीमीटर झाले हे कधीच विचारत नाहीत, ते विचारतात कुठल्या नक्षत्रात पडला आणि पाणी रानात मुरलं का नुसतं वाहून गेलं. तालुक्याची सरासरी 80 टक्के भरली असं पेपरात येतं तेव्हा ती सरासरी दोन दिवसात कोसळून पण भरलेली असू शकते, त्याआधी महिनाभर पीक करपून गेलेलं असतं. आकडा भरतो, कणीस भरत नाही.

पण पिकाच्या आधी दुष्काळ कळतो तो दुधात. त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटीच माझ्या वहीत दिसायला लागलं. एक म्हातारी मावशी आहे आमच्या केंद्रावर, एकच गाय, त्यावरच तिचं घर चालतं. तिचं सकाळचं दूध पाच लिटरचं चारवर आलं, मग साडेतीनवर. लिटर कमी झाले ते समजण्यासारखं आहे, पण खरी गोष्ट पावतीवर खाली छापून येते. दुधाचा भाव 3.5 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) धरून असतो. हिरवी वैरण संपली, गाय नुसत्या जुन्या सरमडावर आणि उसाच्या वाढ्यावर आली की फॅट कसंबसं टिकतं पण एसएनएफ पडतं, 8.3, 8.2, 8.0, आणि 8.5 च्या खाली गेलं की पॉइंटगणिक कपात. मावशीनं पावती हातात घेतली, तिला वाचता येत नाही, मला म्हणाली, "बाई, मी पाण्याचा थेंब घातला नाही गं." मला माहितीय तिनं घातलं नव्हतं. पाणी गाईच्या पोटात गेलं नव्हतं, वैरण गेली नव्हती, ते मशीन सांगत होतं. पण मशीनला कपात कळते, कारण कळत नाही, आणि ते दूध डेअरीनं परत पाठवलं तर मावशीनं काय करायचं. अशा पावत्या त्या महिन्यात घरोघर गेल्या.

आणि त्यात भर म्हणजे दर. दुष्काळात दूध कमी होतं म्हणजे भाव वाढायला पाहिजे असं कुणालाही वाटेल. 2023 ला उलटं झालं. वर्षाच्या सुरुवातीला 37-38 रुपयांपर्यंत गेलेला गाईच्या दुधाचा दर दिवाळी झाली तोवर 27 च्या आसपास आला होता. एकीकडं पेंडीचं पोतं महाग, कडबा दुपटीच्या वर, मुरघासाची (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची) बॅग बाहेरनं विकत आणायची, आणि दूध स्वस्त. सरकारनं लिटरला 5 रुपये अनुदान दिलं ते जानेवारी 2024 पासून, त्यालाही जनावराच्या कानात बिल्ला पाहिजे, ऑनलाइन नोंद पाहिजे. ज्यानं तोवर गाय विकली त्याला त्या अनुदानाचा काय उपयोग.

गाय विकायची वेळ कशी येते ते पण सांगते, कारण लोकांना वाटतं शेतकरी वैतागला की विकतो. तसं नसतं. त्याला एक क्रम असतो आणि आमच्याकडं घराघरात तोच क्रम. आधी भाकड जनावर जातं, मग कालवड, ज्या कालवडीवर तीन वर्षं खर्च केला आणि आता पहिलं वेत येणार ती, मग बैल, आणि दुभती गाय सगळ्यात शेवटी. कालवड गेली म्हणजे पुढची तीन-चार वर्षं गेली, पुढं पाऊस कितीही चांगला झाला तरी दावणीला गाय तयार नसते. म्हणून मी म्हणते की 2023 चा दुष्काळ 2024 च्या पावसानं संपला नाही, आमच्या केंद्रावर दूध घालणारी काही घरं कमी झाली ती अजून परत आलेली नाहीत. बैलांचं तर अजूनच अवघड, 2015 च्या कायद्यानंतर म्हातारा बैल घ्यायला गिऱ्हाइकच राहिलं नाही. खिल्लार जोडी म्हणजे आमच्या भागाची शान, खरसुंडीच्या यात्रेत लाखाच्या बोली होतात हे खरं, पण त्या शर्यतीच्या आणि देखण्या खोंडांच्या. कामाचा, वय झालेला बैल दुष्काळात घरी ठेवायला परवडत नाही आणि विकायला जमत नाही, तो मालक त्याच्या पुढ्यात काय टाकत असेल ह्याचा विचार कायदा करताना कुणीतरी करायला पाहिजे होता.

आता मेंढराचं. दादाचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि सोबतचा सगळा संसार, दरवर्षी दिवाळी झाली की बागायती पट्ट्यात उतरतो, कृष्णा-वारणेच्या काठाला, तिकडं शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्याला कुणी दुष्काळ म्हणत नाही. दुष्काळ ओळखायचा तो मेंढरं कधी निघाली ह्यावरनं. 2023 ला गणपतीतच वाडे हलायला लागले होते. पावसाळ्यात जी मेंढरं गावच्या माळावर पाहिजेत ती रस्त्याला लागली की समजायचं, माळावर काही नाही. आणि लवकर गेलं म्हणजे तिकडं पण अजून ऊस उभा, रानं मोकळी नाहीत, मग रस्त्याच्या कडेनं, कॅनॉलच्या कडेनं, कुणाच्या बांधावर गेलं की शिव्या, कुणाच्या पिकात शिरलं की दंड. वहिनीचा घोड्यावर संसार, कडेला लेकरू आणि एक पोरगी शाळेतनं काढून सोबत. ती पोरगी हजेरीपटावर अनुपस्थित दिसते, दुष्काळाच्या कुठल्या आकड्यात दिसत नाही.

शनिवारी आटपाडीला शेळ्या-मेंढ्यांचा बाजार भरतो, लांबनं व्यापारी येतात. त्या बाजारात उभं राहिलं तरी सगळं कळतं. चांगल्या वर्षी बाजारात येतात ती बोकडं, नर कोकरं, वजनाला आलेली. दुष्काळाच्या वर्षी पाहिलं तर गाभण मेंढ्या येतात. मेंढपाळ गाभण मेंढी विकतो म्हणजे तो बँकेतली मुद्दल मोडतोय. दादानं त्या वर्षी विकल्या तेव्हा मी बाजारात होते. व्यापाऱ्यानं रुमालाखाली हात धरला, बोटं दाबली, दादानं हात सोडवून घेतला, परत धरला, असं दोन-तीनदा झालं. भाव मोठ्यानं कुणी बोलत नाही पण दादाच्या तोंडावरनं मला कळत होता. व्यापाऱ्याला पण माहिती असतं ह्याला संध्याकाळी परत घेऊन जायचं म्हणजे उद्या चारायचं काय, तो थांबायला तयार असतो, दादा नसतो.

आता ह्याच्यात सरकार कुठं येतं. वीज पडून, पुरात वाहून जनावर मेलं तर पंचनामा होतो, दुभत्या जनावराला 37,500 रुपये, मेंढी-शेळीला 4,000 असा दर ठरलेला आहे आणि ते बरोबरच आहे, मिळायलाच पाहिजे. पण दुष्काळात आमची जनावरं दावणीला मरत नाहीत साहेब, आम्ही मरू देत नाही, आम्ही त्याच्या आधी विकतो. निम्म्या किमतीला विकतो. त्याचा पंचनामा कुठला? गाय गेली, कालवड गेली, दहा मेंढ्या गेल्या, नुकसान झालं, पण कागदावर तो एक व्यवहार आहे, शेतकऱ्यानं राजीखुशीनं केलेला. दुष्काळाचं सगळ्यात मोठं नुकसान बाजाराच्या पावतीत लपून जातं आणि ते मोजायची एकही जागा सरकारकडं नाही.

पिकाला तरी काहीतरी आहे. 2023 ला एक रुपयात पीकविमा होता, 21 दिवसांपेक्षा जास्त पावसाचा खंड पडला तर 25 टक्के अग्रिम, म्हणजे आगाऊ भरपाई, अशी तरतूद होती. ती कुणाला मिळाली, किती उशिरा मिळाली ते वेगळं पत्र होईल. पण त्यात सुद्धा मोजलं काय जातं बघा. पीक कापणी प्रयोग होतो तेव्हा वजन दाण्याचं. पैसेवारी, म्हणजे चांगल्या वर्षाच्या मानानं रुपयाला किती पैसे पीक आलं, ती काढतात ती पण दाण्यावरच, 50 पैशाच्या आत का बाहेर. आमच्याकडचा शेतकरी शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतो तो निम्मा भाकरीसाठी आणि निम्मा कडब्यासाठी, कित्येक घरात तर कडब्यासाठीच जास्त, कारण ज्वारी रेशनवर किंवा बाजारात मिळते, कडबा मिळत नाही. एखाद्या वर्षी दाणा कसाबसा येतो पण ज्वारीचं ताट गुडघ्याएवढंच राहतं, पेंढीच बांधता येत नाही. दाण्याच्या हिशोबानं ते वर्ष बरं, गोठ्याच्या हिशोबानं दुष्काळ. ही गोष्ट आमच्या गावातलं शेंबडं पोर सांगेल, पण कुठल्याही फॉर्ममध्ये कडब्याचा रकाना नाही.

आणि मग ती यादी. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारनं 40 तालुक्यात दुष्काळ जाहीर केला, 24 ठिकाणी गंभीर आणि 16 ठिकाणी मध्यम. आमच्या सांगली जिल्ह्यातले शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज त्यात होते. आटपाडी नव्हता. जत नव्हता. कवठेमहांकाळ नव्हता. साताऱ्याचे वाई, खंडाळा होते, माण आणि खटाव नव्हते. ज्यांची नावं आली त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, तिथं पण पाऊस नव्हताच आणि तिथल्या शेतकऱ्याचं नुकसान आमच्यापेक्षा कमी होतं असं मी म्हणणार नाही. पण शिराळा म्हणजे चांदोली धरणाचा तालुका, आणि जत म्हणजे कायम टँकरचा तालुका, आणि यादीत शिराळा आहे, जत नाही, हे वाचून आमच्या केंद्रावर सकाळी लोक नुसते एकमेकांकडं बघत होते.

असं का झालं हे मी समजून घ्यायचा प्रयत्न केला, गावातल्या एका कृषी पदवीधर पोरानं मला संहिता समजावून सांगितली. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेप्रमाणं आधी पाऊस किती कमी पडला आणि खंड किती आठवड्यांचा हे बघतात, ती पहिली कळ, म्हणजे ट्रिगर. मग दुसरी, त्यात पेरणी किती झाली, सॅटेलाइटवरनं हिरवेपणा किती, जमिनीत ओल किती, भूजल आणि धरणं किती. त्यातनं पास झालं की 10 टक्के गावात जाऊन प्रत्यक्ष बघायचं. आता जिथं सरासरीच मुळात कमी तिथं तिची टक्केवारी कशी येणार? ज्या तालुक्यात 800-900 पडतो तिथं 500 पडला तर मोठी तूट दिसते, आमच्याकडं 500 लाच सरासरी म्हणतात, तिथं 400 पडला तरी 80 टक्के म्हणून आम्ही बाहेर. आणि हिरवेपणा म्हणाल तर आमच्या माळावर वेडी बाभळ बारा महिने हिरवी असते, तिच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही. टँकरनं जगवलेली डाळिंबाची बाग पण हिरवीच, तिच्या मालकानं किती कर्ज काढून ती हिरवी ठेवलीय ते वरनं दिसत नाही. चार थेंब पडले की माळाला कुसळी गवत फुटतं, वरनं बघणाऱ्याला हिरवं वाटत असेल, मेंढराच्या तोंडात कुसळं जातात. मी सॅटेलाइटच्या विरोधात नाही, त्यामुळं पूर्वीसारखी वशिल्यानं पैसेवारी ठरत नाही हे चांगलंच झालं, पण सॅटेलाइटला जनावर दिसत नाही आणि आमच्याकडं दुष्काळ जनावरावर येतो, हे कुणीतरी लक्षात घ्यायला पाहिजे.

नंतर ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरमध्ये हजाराच्या वर महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली, ज्या मंडळात जून ते सप्टेंबर पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण 750 मिलीमीटरच्या आत ती मंडळं. बरं झालं. पण सवलती काय होत्या ते वाचा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्ज वसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषात थोडी शिथिलता, लागेल तिथं टँकर आणि पंपाचं कनेक्शन तोडायचं नाही. आठ सवलती. त्यातल्या एकीतही वैरण हा शब्द नाही. दादाकडं स्वतःची जमीन जेमतेम, पंप नाही, पीककर्ज नाही, त्याला ह्या आठातली कुठली लागू होते? मेंढपाळाला, भूमिहीन दूधवाल्या बाईला, माझ्या त्या मावशीला, ज्यांचा सगळा संसार चार पायांवर उभा आहे त्यांना दुष्काळाच्या कागदात जागाच नाही.

जनावरांच्या चारा छावणीचं म्हणाल तर छावणीनं आमचा भाग जगवलाय, ते विसरणार नाही. 2012-13 ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं छावणी चालवली तेव्हा आमच्या नात्यातली माणसं जनावरं घेऊन महिनोन्‌महिने तिथंच होती, चुली तिथं, पोरांचा अभ्यास तिथं. 2018 ला पण 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला 31 ऑक्टोबरला, तेव्हा आटपाडी यादीत होता, आणि छावण्या लागल्या त्या 2019 चा उन्हाळा तोंडावर आल्यावर. मधल्या काळात ज्यांनी दम धरला त्यांची जनावरं छावणीत गेली, ज्यांना दम नव्हता त्यांची बाजारात गेली, आणि दम कुणाला नसतो तर ज्याच्याकडं वैरणीला पैसे नाहीत त्याला. सुरुवातीला एका घराची पाचच जनावरं घ्यायची अट, मोठ्या जनावराला आधी कमी, मग 90, मग 100 रुपये अनुदान, असं भांडून भांडून वाढत गेलं. आणि छावणी म्हणजे गाई-म्हशींची. मेंढरांचं काय हा प्रश्न प्रत्येक दुष्काळात नव्यानं विचारायला लागतो, जसं काही मेंढरं ह्याच वर्षी जन्माला आलीत.

छावणीचा अजून एक भाग कुणी लिहीत नाही. जनावर छावणीत गेलं की घर दोन ठिकाणी होतं. एकजण जनावरापाशी, एकजण घरी म्हाताऱ्यांपाशी आणि पाण्यापाशी. टँकर येतो तो माणशी 20 लिटरच्या हिशोबानं, आणि घरात भांडं भरलं की पहिली घागर दावणीला जाते, मग उरलं त्यात धुणं, भांडी, आंघोळ. उन्हाळ्यात दुभत्या गाईला एकटीला 60-70 लिटर सहज लागतं. हा हिशोब कुठल्याही घरात बाईच घालते, कुणाची आंघोळ चुकवायची, कुठलं धुणं पुढं ढकलायचं. पुरुषाला दुष्काळ विचारला तर तो पाऊस आणि कर्ज सांगेल, बाईला विचारला तर ती घागरी सांगेल, आणि सर्व्हेला येणारी माणसं दारात पुरुष कोण आहे ते विचारतात.

पाण्याच्या योजना आल्या, त्याबद्दल पण बोलायला पाहिजे नाहीतर अर्धवट होईल. टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळनं टप्प्याटप्प्यानं उचलत आमच्या तालुक्यापर्यंत आलं, त्यासाठी पाणी चळवळीतले नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर ह्यांच्यासोबत आमच्या भागातल्या लोकांनी 1993 पासून आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या, समन्यायी वाटपाची मागणी तिथनंच जोरात आली, माझे सासरे त्या मोर्चांना जायचे. पाणी आलं त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पाणी आलं तिथं ऊस आला, पडीक रानं नांगरली गेली आणि मेंढरांच्या चरायच्या जागा गेल्या. म्हणजे ज्या पाण्यानं एका भावाचा दुष्काळ हटला त्यानंच दुसऱ्या भावाचा वाढला. ह्यात कुणाची चूक नाही, पण योजनेचा आराखडा करताना चार एकर वैरणीला, दोन एकर गायरानाला राखून ठेवायचा विचार झाला असता तर बरं झालं असतं. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्याच वेळी जतकडं टँकर चालू होते. पाणी कुठं आहे ह्यापेक्षा ते कुणासाठी आहे हे ठरवायला लागतं.

आमच्या घरात ह्यावरनं वाद पण होतात. सासरे म्हणतात बहात्तरला खायला नव्हतं, सुकडी आणि तांबडी मिलो खाऊन दिवस काढले, पण विहिरीला पाणी होतं, आता ज्वारी-गहू रेशनवर आहे आणि आठशे फुटाला पाणी नाही. आमचे हे म्हणतात आता निदान खबर तरी लागते, हवामानाचा अंदाज मोबाइलवर येतो. दादा म्हणतो मोबाइलवर पाऊस येतो, माळावर येत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघांचं जगणं वेगळ्या गोष्टीवर अवलंबून आहे, आणि दुष्काळ जाहीर करताना ह्या तिघांतल्या फक्त एकाला विचारलं जातं, ज्याच्याकडं सातबारा आणि उभं पीक आहे त्याला.

माझं म्हणणं अवघड नाही. गावोगावच्या दूध केंद्रांवर आता मशीन आहे, रोजचे लिटर, फॅट, एसएनएफ सगळं आपोआप नोंदलं जातं, ती माहिती तालुक्याला एकत्र केली तर वैरण कधी संपायला लागली ते ऑगस्टमध्येच कळेल. कुणी म्हणेल डेअरीवाले आकडे फिरवतील. एक केंद्र फिरवेल, तालुक्यातली सगळी केंद्रं एकाच आठवड्यात खाली येत असतील तर ते फिरवलेलं नसतं. बाजार समितीकडं दर आठवड्याला किती जनावरं आली, कुठल्या वयाची, गाभण किती, भाव काय, ह्याची नोंद ठेवायला काय अडचण आहे? पीक कापणी प्रयोगात दाण्यासोबत ताटाचं पण वजन करा. आणि वैरण द्यायची तर छावणीची वाट बघायला न लावता जनावर विकायच्या आधी दारात द्या, डेपोनं द्या नाहीतर खात्यावर पैसे द्या. सवलतींच्या यादीत नववी ओळ वैरणीची घाला. ती ओळ सातबाऱ्यावर नको, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर चालू दे, म्हणजे भूमिहीनाला पण मिळेल.

मेंढपाळांचं तर मोजणीपासनंच आहे. 2024 ला सुरू झालेल्या 21 व्या पशुगणनेत पहिल्यांदाच फिरस्त्या पशुपालकांची वेगळी नोंद घेतली, हे फार चांगलं झालं, दादाच्या वाड्याची पण झाली. आता त्या नोंदीचा उपयोग करा, वाडा ज्या तालुक्यात असेल तिथं त्याला पाणी, लस आणि वैरण मिळू द्या, तुमचं गाव कुठलं, तिकडं जा, असं म्हणू नका. आणि वाडे पावसाळ्यात हलायला लागले की ती पहिली सूचना समजा.

शेवटी तुम्हाला पण एक विनंती. तुम्ही रोज सोन्याचा, चांदीचा, कांद्याचा भाव छापता. आमच्या आवृत्तीत आठवड्यातनं एकदा आटपाडी, सांगोला, म्हसवडच्या बाजारातला कडब्याच्या शेकड्याचा (शंभर पेंढ्यांचा), गाभण मेंढीचा आणि पहिलारू कालवडीचा भाव छापा, शेजारी मागच्या वर्षीचा त्याच आठवड्याचा भाव. माहिती मिळत नसेल तर आमच्या केंद्रावरनं मी पाठवत जाईन, पैसे नकोत.

आपली नम्र,
एक दूध उत्पादक वाचक
ता. आटपाडी, जि. सांगली